चाळीस दिवसांचा वारा

वारा मोजायच्या धंद्यात हाताला काही लागत नाही. बोअर घेणाऱ्याला पाणी लागतं, नाहीतर निदान खडक तरी लागतो. आमच्याकडे दिवसअखेर नुसते आकडे, आणि तेही फोनच्या सिममधून पुण्याला निघून जातात. मागे राहतात ते किस्से. आखाडा बाळापूरच्या चौकात चहाला बसलो की एकेक बाहेर येतो. ऐकणारे हसतात, मीही हसतो. पण अलीकडे मला वाटायला लागलंय, की या किश्श्यांत हसण्यासारखं फार नाही. मी फक्त सांगायची पद्धत तशी ठेवली आहे.

आधी काम समजून घ्या. पवनचक्क्या कुठं उभ्या करायच्या हे ठरवायला आधी वारा मोजतात. त्यासाठी शंभर मीटर उंच, सडपातळ लोखंडी खांब लागतो, चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेला. वर फिरणाऱ्या वाट्या आणि दिशा दाखवणारं शेपूट. खाली कुलूपबंद डबा, त्यातलं यंत्र दर दहा मिनिटांनी नोंद करतं. असे दोन खांब आम्ही कळमनुरी तालुक्यात उभे केले. एक नंबर तांड्याच्या माळावर, दोन नंबर तिथून चौदा किलोमीटरवर बापूसाहेबांच्या माळावर. वर्षभर दोन्हीकडचा वारा मोजायचा, तुलना करायची आणि ज्या माळाचा जास्त भरेल तिथं चक्क्या लावायच्या. दोघांतून एकच.

मी वसमतचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. दोन्ही खांबांची देखभाल माझ्याकडे. लोक मला 'वारेवाले साहेब' म्हणतात. वसमतला गेलं की बायको मला वेगळं काहीतरी म्हणते, ते राहू द्या.

* * *

बापूसाहेब म्हणजे सत्तर एकरांचे धनी. हळद, ऊस आणि वरती हा माळ. खांब उभा राहिला त्या दिवशी त्यांनी स्वतः नारळ फोडला आणि मला विचारलं, "आमच्याकडं वारा किती निघंल?"

"वर्षभरानं कळेल, बापूसाहेब."

"वाढवता येतो का?"

मला वाटलं गंमत करून राहिले. पण बापूसाहेबांना कोणीतरी सांगितलं की झाडं वारा अडवतात. पंधरा दिवसांनी गेलो तर माळावरची बावीस कडुलिंबं आडवी पडलेली. आजोबांच्या हातची झाडं, असं मागून कळलं. मी म्हणालो, "बापूसाहेब, वाट्या शंभर मीटर वर आहेत. कडुलिंब तीस फुटांचं असतं."

त्यांनी मान वर करून खांबाचं टोक पाहिलं. मग खाली बुंधे पाहिले. म्हणाले, "मंग आदी सांगायचं न्हाई का?"

वारा होता तेवढाच राहिला. तिथला वॉचमन तेवढा उन्हात गेला. पुढच्या खेपेला त्याने खांबाच्या तारेला एक छत्री बांधून घेतली होती आणि तिच्याखाली तो वर्षभर बसला.

* * *

बापूसाहेबांच्या घराचं दार दक्षिणेला आहे. पण हे बोलायचं नाही. एका वास्तुवाल्याने घर पाहून सांगितलं होतं, की दार पाडायची गरज नाही, ते पूर्वेचं माना म्हणजे झालं. बापूसाहेबांनी मानलं. बापूसाहेबांनी मानलं म्हणून गावाने मानलं. गेली दहा वर्षं त्या गावात पूर्व ही बापूसाहेबांच्या दारासमोर आहे.

दोन नंबरचा खांब उभा करणारा फिटर बाहेरगावचा. होकायंत्र घरी विसरून आला होता. वरचं शेपूट बसवताना उत्तर कुठं हे त्याला माहीत असावं लागतं. त्याने खाली जमलेल्या लोकांना ओरडून विचारलं, "पूर्व कुठं आहे?" दहा हात एकदम बापूसाहेबांच्या दाराकडे गेले. दुपारचे बारा वाजलेले. त्या वेळचा सूर्य कोणाची बाजू घेत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याहून सबनीस सरांचा फोन आला. सबनीस सर म्हणजे आमचे साहेब. सगळा डेटा ते तपासतात आणि कोणता माळ घ्यायचा हे त्यांच्याच सहीने ठरतं. म्हणाले, "सगळीकडे पश्चिमेचा वारा आहे, तुमच्या दोन नंबरवरच दक्षिणेचा कसा?" मी होकायंत्र घेऊन गेलो, पाहिलं आणि त्यांना सगळी वास्तू सांगितली.

सर हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना काही बोलू नका, जागा त्यांची आहे. मी इथं कॉम्प्युटरवर नव्वद अंश फिरवून घेतो."

दोन मिनिटांत सगळ्या महिन्यांचा वारा सरळ झाला. हे दोन मिनिटांचं काम लक्षात ठेवा.

* * *

एक नंबरचा वॉचमन प्रेमसिंग राठोड. पंचेचाळिशीचा. तांड्याच्या अगदी कडेला, माळ सुरू होतो तिथं त्याचं पत्र्याचं घर. तांड्यातली बहुतेक घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. प्रेमसिंग आणि त्याची बायको सोनाबाईही दरवर्षी जायची. खांब उभा राहिला, वॉचमनची नोकरी लागली आणि त्या वर्षी दोघांनी लग्नानंतर पहिल्यांदा संक्रांत स्वतःच्या घरात केली. दोन्ही कोयते त्याने दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवले.

मला एकदा विचारलं, "साहेब, चक्क्या आमच्या माळावर आल्या तर वॉचमन लागंल ना?"

"कायमचा लागेल."

"मंग हे कोयते आता उतरवत न्हाई."

वॉचमनला कंपनी एक रजिस्टर देते. तारीख, वेळ, सही आणि शेवटी 'शेरा'. बापूसाहेबांचा वॉचमन महिन्याच्या एक तारखेलाच तीस दिवसांचं 'ठीक' लिहून टाकायचा. प्रेमसिंगने मात्र विचारलं, "शेऱ्यात काय लिवायचं?" मी घाईत होतो. म्हणालो, "माळावर काय झालं ते लिहा."

आता माळावर काय होतं? वारा होतो. प्रेमसिंगच्या घराचे पत्रे जुने, दगड ठेवून दाबलेले. वारा वाढला की वर आणखी दगड चढवायचे. वारा पडला की उतरवायचे, कारण ओझं फार झालं की पत्रा वाकतो. त्याने शेऱ्यात लिहायला सुरुवात केली, 'आज चार दगड'. 'आज दोन दगड'. 'आज एक बी न्हाई'.

मला हसू आलं. म्हणालो, "प्रेमसिंगभाऊ, वारा मोजायला यंत्र आहे की."

"यंत्र तुमचं हाय साहेब," तो म्हणाला. "पत्रं माझं हाय."

* * *

आता जो किस्सा सांगतो तो मी चौकात सांगत नाही.

ज्येष्ठ सरता सरता प्रेमसिंगचा फोन आला. "साहेब, डब्यातला हिरवा दिवा इझला." म्हणजे बॅटरी गेली, नोंद बंद. मी म्हणालो, "उद्या येतो." त्या रात्री पाऊस लागला. डांबरी सोडली की तांड्यापर्यंत तीन किलोमीटर काळी माती. दुसऱ्या दिवशी जीप दोनशे पावलं गेली आणि रुतली. मी सबनीस सरांना ट्रॅक्टर मागितला.

"ट्रॅक्टर आपल्या प्रवासाच्या नियमात बसत नाही," सर म्हणाले. "जीप बसते."

जीप नियमातही बसत होती आणि चिखलातही.

प्रेमसिंगचा रोज फोन. "साहेब, तुमी बॅटरी फक्त डांबरीपर्यंत आणा. पुढं मी डोक्यावर नेतो. कशी लावायची ते फोनवर सांगा." मी त्याला नियम सांगितला, की डबा कंपनीच्या माणसानेच उघडायचा. तो म्हणाला, "मंग तुमी माझ्यासंगं चाला. वझं मी घेतो, तुमी रिकाम्या हातानं या."

नियम खरा होता. पण खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. तीन किलोमीटर चिखल जायला, तीन यायला. आज पाऊस आहे, उद्या बघू. उद्या पाऊस नव्हता, पण चिखल होता. असं करत चाळीस दिवस गेले. सगळा आषाढ त्यात गेला. आमच्या भागात वारा वाहतो तो याच दिवसांत. बाकीचं वर्ष तो नुसता हजेरी लावतो.

चाळिसाव्या दिवशी गेलो तेव्हा खांबाजवळची सोलर प्लेट लख्ख होती. प्रेमसिंग रोज डोक्याच्या टॉवेलने पुसत होता. बंद यंत्राची.

* * *

वर्ष भरलं. सबनीस सर अहवाल करायला बसले. एक नंबरचे चाळीस दिवस कोरे. अशा वेळी रिवाज असा, की दुसऱ्या खांबावरून अंदाज काढायचा. वर्षभर या दोन माळांचं एकमेकांशी नातं कसं होतं ते पाहायचं आणि त्या हिशोबाने खड्डा भरायचा. आता हिवाळ्यात दोन्ही माळ सारखेच थंड, वारा जेमतेम. फरक पडतो तो आषाढात. तांड्याचा माळ पश्चिमेला उघडा आहे, बापूसाहेबांचा एका डोंगराच्या आडोशाला आहे. पण आषाढच कोरा! सरांनी हिवाळ्याच्या नात्याने आषाढ भरला. तांड्याला बापूसाहेबांचा आडोशाचा वारा मिळाला.

मी प्रेमसिंगकडे जाऊन रजिस्टर आणलं. त्यात एकही दिवस कोरा नव्हता. 'आठ दगड.' 'नऊ दगड.' 'नऊ दगड, शेळ्या बांधून ठेवल्या.' आणि एका दिवशी, 'दहा दगड आणि सोनाबाई.'

"हे काय?" मी विचारलं.

"दगड सरले व्हते," प्रेमसिंग म्हणाला. "नवीन आणोस्तर ती पत्र्यावर बसली."

मी दोन दिवस बसून, यंत्र चालू होतं त्या सगळ्या महिन्यांचे दगड एका बाजूला मांडले आणि यंत्राचे आकडे दुसऱ्या बाजूला. एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे दोन्ही बरोबर चालले होते. यंत्र चढलं की दगड चढले, यंत्र उतरलं की दगड उतरले. मग चाळीस दिवसांच्या दगडांवरून आषाढाचा वारा काढला. तांड्याचा माळ सहज पुढे जात होता. चांगला रंगीत आलेख काढून मी सबनीस सरांना पाठवला. नोकरीत मी मनापासून केलेलं ते पहिलंच काम असेल.

सरांचा फोन आला. "इंटरेस्टिंग आहे," म्हणाले. "पण दगड कॅलिब्रेटेड आहेत का? म्हणजे, तपासून प्रमाणित केलेले?"

"सर, वाट्या बंद होत्या. दगड चालू होते."

"अहो, मी कर्ज देणाऱ्या बँकेला दगड दाखवू?"

"दोन नंबरची दिशा आपण फिरवून घेतली होती, सर."

"ती चूक होती. चूक दुरुस्त करता येते. ही गॅप आहे."

गॅप माझी होती. ते सर म्हणाले नाहीत, मीही म्हणालो नाही.

* * *

निकाल सांगायला मीच गेलो. पीडीएफ इंग्रजीत होती. प्रेमसिंगला म्हणालो, "आपला माळ थोडक्यात गेला. वारा कमी भरला."

त्याने एकच प्रश्न विचारला. "कोणत्या म्हयन्यात कमी भरला?"

"आषाढात."

 तो घरात वळून सोनाबाईला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. आतून ती मोठ्याने हसली आणि काहीतरी बोलली. बाहेर आली, माझं तोंड पाहिलं आणि परत आत जाऊन तिने चहा टाकला.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, आषाढात आमी भाकरीवर हात ठेवून जेवतो. उचलला की ताटातून जाती."

त्या चाळीस दिवसांत तुमी काहून आला न्हाईत, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

* * *

बापूसाहेबांच्या माळावर काम सुरू झालं. पवनचक्कीचं एकेक पातं एवढं लांब, की ते न्यायला आधी रस्ता लागतो. ज्या प्रकल्पाच्या नियमात एक ट्रॅक्टर बसत नव्हता, त्याने चार महिन्यांत माळापर्यंत पक्का रुंद रस्ता केला. बापूसाहेबांच्या दारासमोर त्याला एक वळण द्यावं लागलं. रस्त्याच्या पाटीवर पूर्व कोणती दाखवायची हे कंत्राटदार मला विचारायला आला. मी म्हणालो, "गावाला विचारा."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बापूसाहेबांनी झाडं लावायला सांगितली आहेत. कडुलिंबाची.

* * *

आता शेवटचा.

तांड्यावरचा खांब उतरवायचा राहिला होता. तो उभा असेपर्यंत प्रेमसिंगची नोकरी होती, उतरला की संपली. कोणाला घाई नव्हती, म्हणून काम लांबत लांबत पुढच्या आषाढात गेलं. खांब उतरवणारी सहा जणांची टोळी आली. पुन्हा तोच पाऊस, तोच चिखल. या वेळी ट्रॅक्टर मंजूर झाला. सामान परत आणायचं असेल तर तो नियमात बसतो.

टोळीचा एक नियम असतो. वारा ठराविक आकड्याच्या वर असला तर खांबावर चढायचं नाही. जिवाचा प्रश्न असतो. पहिल्या दिवशी मी डबा उघडला, टोळीच्या मुख्य माणसाने आकडा पाहिला आणि म्हणाला, "आज न्हाई." दुसऱ्या दिवशीही न्हाई. तिसऱ्या दिवशी एक जण कंबरेला पट्टा बांधून दहा हात चढला आणि उतरून आला. टोळी तांड्याच्या शाळेत पत्ते खेळत बसली. चार, पाच, सहा. प्रेमसिंग रोज सकाळी त्यांना चहा द्यायचा आणि जाऊन पत्र्यावर एखादा दगड चढवायचा.

नवव्या दिवशी टोळीच्या कंत्राटदाराने कागद मागितला. काम का थांबलं याचं कारण कंपनीने लिहून द्यायचं, नाहीतर बसून राहिलेल्या दिवसांचं त्याला काही मिळत नाही. मी सबनीस सरांना फोन लावला. माळावर काही ऐकू येईना म्हणून प्रेमसिंगच्या घरात जाऊन बोललो.

"कारण स्पष्ट लिहा," सर म्हणाले. "नुसतं 'हवामान' चालणार नाही. यंत्राचा आकडा जोडा. यंत्र कॅलिब्रेटेड आहे ना?"

"आहे, सर."

मी कागदावर लिहिलं, 'वारा जास्त असल्यामुळे काम बंद.' यंत्रावरचे नऊ दिवसांचे आकडे खाली लिहिले, सही केली, फोटो काढून पाठवला. अर्ध्या तासाने त्याच कागदावर सरांची सही होऊन आली.

"काय आलं?" प्रेमसिंगने विचारलं. मी वाचून दाखवलं.

"परत वाचा."

परत वाचलं.

दारात एक मोटरसायकल येऊन थांबली होती. ऊसतोडीचा मुकादम पुढच्या हंगामासाठी घरोघरी नवरा-बायकोच्या जोड्या लिहून घेत फिरत होता. प्रेमसिंगने खुंटीवरचे दोन्ही कोयते उतरवले. गंज किती चढलाय ते अंगठ्याने पाहिलं आणि मुकादमाला म्हणाला, "लिवा. एक जोडी." सोनाबाई चुलीपाशी होती. तिने आणखी एक काटकी आत सारली.

मग त्याने रजिस्टर आणलं. त्या दिवसाची ओळ लिहून झाली होती. तारीख, वेळ, सही. आणि शेऱ्यात, 'अकरा दगड. वारा कमी.'

त्याने पेन माझ्यापुढे केलं. "हजर साहेबानं बी सही करायची असती ना?"

दारातून येणाऱ्या वाऱ्याने वहीचं पान उडत होतं. त्याने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि मी सही केली.